एका नावाखाली अनेक व्याधी

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ अशी एक म्हण आपल्या भाषेत फार दिवसांपासून चालत आलेली आहे. ती ऐकून आपण हसतो. परंतु ज्याने ती प्रथम उच्चारली असेल त्याला हसू आले नसावे. दुखणे आहे, वैद्य घरात आहे, आणि तरीही तोंड उघडवत नाही, ही ती अवस्था होय. शरीराच्या इतर कोणत्याही भागाविषयी मनुष्य चारचौघांत बोलतो. गुडघ्याची कळ, दातांचा ठणका, डोकेदुखी ही तर संभाषणाची नित्याची सामग्री आहे. परंतु शौचाच्या जागेचे दुखणे तो पत्नीपासूनही लपवतो. या लज्जेमुळे रोग वाढतात, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या वाढीला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या भाषेत दडलेले आहे. आजच्या भाषणात मी त्याच कारणाचा मागोवा घेणार आहे.

ते कारण म्हणजे ‘मूळव्याध’ हा शब्द. त्या जागी रक्त पडले की मूळव्याध. आग झाली की मूळव्याध. गाठ लागली, पू आला, कंड सुटली, तरी मूळव्याधच. हा दोष केवळ मराठीचा नव्हे. बेळगावकडे कानडी शेजारी ‘मूलव्याधि’ म्हणतात, बडोद्याला गुजराती मंडळी ‘हरस-मसा’ म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘बवासीर’ हा शब्द सर्रास वापरतात. शब्द निराळे असले तरी सवय एकच आहे. वस्तुतः या लहानशा जागेत निदान पाच-सहा अगदी भिन्न व्याधी उद्भवतात. त्यांची कारणे भिन्न, लक्षणे भिन्न आणि उपचार तर कित्येकदा परस्परविरुद्ध असतात. त्यांतील बहुतेक त्रासदायक परंतु निरुपद्रवी आहेत. एक मात्र प्राणघातक आहे. नाव चुकले म्हणजे उपचार चुकतो, आणि येथे उपचार चुकणे हे कधी कधी जिवावर बेतते. म्हणून या व्याधी एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखल्या गेल्या, ही हकीकत केवळ वैद्यांच्या उपयोगाची नसून आपणा सर्वांच्या उपयोगाची आहे.

या हकीकतीचा आरंभ आपल्याच देशात करणे योग्य होईल. सुश्रुतसंहितेत ज्या आठ व्याधींना ‘महागद’, म्हणजे बरे करण्यास अत्यंत कठीण असे महारोग, म्हटले आहे त्या आठांत या एकाच जागेच्या दोन व्याधी आहेत. एक अर्श आणि दुसरा भगंदर. वातव्याधी, कुष्ठ, प्रमेह यांच्या पंक्तीला त्यांस बसविले आहे, यावरून त्या काळी त्यांचा धाक किती होता हे दिसते. अर्श म्हणजे शत्रूप्रमाणे छळणारा मांसांकुर. भगंदर म्हणजे त्या प्रदेशाचे दारण करणारा, तो भाग फोडून काढणारा रोग. दोन नावे आहेत, निदानस्थानात दोन स्वतंत्र अध्याय आहेत, आणि चिकित्सास्थानातही दोन स्वतंत्र अध्याय आहेत. आपण आज ज्या दोन रोगांची बेधडक गल्लत करतो ते सुश्रुताने इतक्या स्पष्टपणे वेगळे करून ठेवले होते.

सुश्रुताने गुदाची लांबी साडेचार अंगुळे सांगितली असून त्यात प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी अशा तीन वळ्या वर्णिल्या आहेत. बाहेरच्या वळीतील अर्श सुसाध्य आणि आतल्या वळीतील दुःसाध्य, हा त्याचा निष्कर्ष होय. आत पाहावयाचे कसे? त्यासाठी त्याने अर्शोयंत्र सांगितले आहे. गाईच्या सडाच्या आकाराची ही नळी चार अंगुळे लांब असे. तिचा घेर पुरुषांसाठी पाच अंगुळांचा व स्त्रियांसाठी सहा अंगुळांचा. पाहण्यासाठी दोन छिद्रांचे यंत्र निराळे आणि कर्म करण्यासाठी एका छिद्राचे निराळे. एकाच छिद्राचे कारण असे की क्षार, अग्नी किंवा शस्त्र हे नेमक्या अंकुरावरच पडावे, शेजारच्या निरोगी भागाला त्याचा स्पर्श होऊ नये. आजच्या शल्यवैद्याच्या टेबलावरील प्रॉक्टोस्कोप उचलून पाहिला तर त्यामागील विचार हाच आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

भगंदराविषयी तर सुश्रुताचे निरीक्षण अधिकच मार्मिक आहे. पिकून फुटण्यापूर्वी ती केवळ ‘पिडका’, म्हणजे गळू. फुटून मार्ग तयार झाला म्हणजे तो भगंदर. गळू आणि भगंदर हे दोन रोग नसून एकाच रोगाची पूर्वावस्था आणि उत्तरावस्था आहेत, हा सिद्धांत त्यात आहे. चाळणीप्रमाणे अनेक छिद्रांचा तो शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उंचावलेला तो उष्ट्रग्रीव, सतत पाझरणारा तो परिस्रावी, शंखाच्या आवर्तांप्रमाणे वळसे घेत जाणारा तो शंबूकावर्त, आणि अन्नातून गिळल्या गेलेल्या हाडाच्या जखमेतून होणारा तो उन्मार्गी, असे पाच प्रकार त्याने सांगितले. पुढे वाग्भटाने ते आठ केले. शस्त्र चालविण्यापूर्वी मार्ग अंतर्मुख आहे की बहिर्मुख आहे हे पाहावे, एषणी, म्हणजे सळई, घालून त्याचा शोध घ्यावा, असा दंडक आहे. तिसरी व्याधी, म्हणजे कातरल्यासारखी वेदना देणारी ‘परिकर्तिका’, हीही आपल्या ग्रंथांत आढळते. पण ती स्वतंत्र रोग म्हणून येत नाही, तर विरेचन, बस्ती इत्यादी उपचार चुकल्याने होणारा उपद्रव म्हणून येते.

चरकाचा कल मात्र निराळा होता. अर्शाचे त्याने शुष्क आणि स्रावी असे दोन व्यवहारोपयोगी भेद मानले आणि औषधांवर भर दिला. शस्त्र, क्षार आणि दाह यांनी अर्श नाहीसे होतात हे त्यास मान्य होते. परंतु अकुशल हातून अतिरक्तस्राव, गुदभ्रंश, वेगावरोध, इतकेच नव्हे तर मृत्यूही ओढवतो, असा स्पष्ट इशारा त्याने दिला आहे. ताकाची त्याने केलेली प्रशंसा आपल्या घराघरांत अजून जिवंत आहे. आणि सुरणाचे तर एक संस्कृत नावच ‘अर्शोघ्न’ आहे. ही विद्या मुद्रित रूपाने सर्वांस सुलभ झाली त्यात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा आणि यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनाचा मोठा वाटा आहे. मराठी वाचकांसाठी डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी सिद्ध केलेला ‘सार्थ वाग्भट’ कित्येक घरांच्या फडताळांत असे, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांस स्मरत असेल.

इतर प्राचीन राष्ट्रांतही हा प्रश्न होताच. इजिप्तमधील सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचा एक वैद्यकीय पपायरस जवळजवळ संपूर्णपणे याच जागेच्या रोगांना वाहिलेला आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात अर्शावर एक आणि भगंदरावर एक अशी दोन वेगळी प्रकरणे आहेत. भगंदराच्या मार्गात घोड्याच्या केसाने गुंडाळलेला तागाचा पाचपदरी दोरा घालून तो हळूहळू आवळीत जावा, म्हणजे मार्ग आपोआप कापला जातो, अशी युक्ती तेथे सांगितली आहे. हा रोग घोड्यावर बसणारांस व वल्ही मारणारांस होतो, असेही त्यात म्हटले आहे. अरबी वैद्यकात ‘बवासीर’ आणि ‘नासूर’ हे दोन शब्द वेगळे होते. पहिला अर्शाचा आणि दुसरा वाहत्या व्रणमार्गाचा. ‘नासूर’ हा शब्द आपल्याकडेही आला, परंतु आपण तो कोणत्याही चिघळलेल्या जखमेला लावू लागलो आणि त्यातील भेद हरवून बसलो.

आता चौदाव्या शतकातील इंग्लंडकडे वळू. १३०७ मध्ये जन्मलेला जॉन आर्डर्न नावाचा एक शल्यवैद्य फ्रान्सबरोबरच्या दीर्घ युद्धाच्या त्या काळात आपला व्यवसाय करीत होता. चिलखत अंगावर घालून दिवसचे दिवस खोगिरावर बसणाऱ्या सरदारांना त्या जागी गळवे होत, ती फुटत आणि भगंदर मागे राहत. इतर शल्यवैद्य या रोगाला हात लावीत नसत. आर्डर्नने तो मार्ग सळईवर उघडा करण्याची पद्धती बसविली, जखमेवर दाहक औषधे घालण्याचे सोडून दिले, आणि १३७६ मध्ये आपला अनुभव ग्रंथरूपाने लिहून ठेवला. सर अॅडम एव्हरिंगहॅम नावाच्या सरदारास इतर वैद्यांनी असाध्य म्हणून सोडून दिले होते. त्यास आपण बरे केले आणि तो पुढे तीस वर्षांहून अधिक काळ सुखाने जगला, असे तो अभिमानाने नमूद करतो. त्याचे शुल्कही सरदारांस शोभेल असेच होते. श्रीमंताकडून तो चाळीस पौंड मागे आणि शिवाय आयुष्यभराचे वर्षासन ठरवून घेई.

परंतु आर्डर्नचे खरे मोठेपण मला त्याच्या दुसऱ्या एका नोंदीत दिसते. गुदाच्या आत एक प्रकारची गाठ होते, ती फार कठीण असते पण तिच्यात वेदना थोडी असते. ती फुटण्यापूर्वी म्हणजे गुप्त कर्करोगच होय, असे त्याने लिहिले. अशा रोग्यास वारंवार शौचाची भावना होते, रक्तमिश्रित स्राव जातो, आणि वैद्य ती आव समजून उपचार करीत राहतात. बोट घालून पाहावे, म्हणजे दगडासारखे कठीण काहीतरी हाताला लागते, आणि मग शंका उरत नाही. असा रोगी बरा झालेला आपण पाहिला नाही, ऐकलाही नाही, हेही त्याने लपविले नाही. जो मनुष्य भगंदर बरा करून चाळीस पौंड घेत होता त्याने येथे हात जोडले. आपणास काय बरे करता येते आणि काय येत नाही, हे ओळखण्यासाठी प्रथम दोहोंतील भेद ओळखावा लागतो. साडेसहाशे वर्षांपूर्वी एका बोटाच्या स्पर्शाने त्याने तो भेद ओळखला होता.

त्यानंतरची प्रसिद्ध घटना फ्रान्समधील आहे. १६८६ च्या प्रारंभी चौदाव्या लुई राजास गुदाजवळ एक गाठ आली. ती पिकली, फुटली आणि भगंदर झाला. लेप झाले, बस्ती झाले, निरनिराळ्या झऱ्यांची पाणी आणवून ती आधी दुसऱ्या रोग्यांवर आजमावून पाहण्यात आली. कशानेच गुण येईना. अखेर शार्ल फ्रान्स्वा फेलिक्स या राजशल्यवैद्यावर शस्त्रक्रियेचा भार पडला. त्याने काही महिन्यांची मुदत मागून घेतली. त्या मुदतीत पॅरिसमधील गरीब रोग्यांवर त्याने ही शस्त्रक्रिया करून पाहिली आणि आपले वाकडे शस्त्र सुधारून घेतले. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी सकाळी व्हर्सायच्या राजवाड्यात, कोणत्याही भुलीवाचून, राजाने ती शस्त्रक्रिया सहन केली. पुढे आणखी काही छेद घ्यावे लागले, परंतु नव्या वर्षाच्या आरंभी राजा बरा झाला. फेलिक्सला जहागीर व मोठे द्रव्य मिळाले आणि शल्यवैद्यांचा मान एकदम वाढला. दरबारातील काही मंडळी तर, आपणासही राजाचाच रोग झाला आहे, असे मोठ्या हौसेने सांगू लागली. ज्या जागेचे नाव काढण्याची लाज, तिचा आजार राजाला होताच भूषण ठरला. मात्र ज्या गरिबांच्या देहावर ते शस्त्र प्रथम चालले त्यांची नावे कोठेही राहिली नाहीत. वैद्यकाच्या इतिहासात विजयाची अशी किंमत पुष्कळदा निनावी माणसांनी मोजली आहे, हे विसरून चालणार नाही.

अर्श आणि भगंदर याप्रमाणे पूर्वीच वेगळे झाले होते. तिसऱ्या व्याधीस, म्हणजे गुदाच्या कडेला पडणाऱ्या चिरेस, स्वतंत्र स्थान मिळण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. बोटाच्या पेराएवढी लांबीही नसलेली ही भेग. परंतु तिची वेदना मोठमोठ्या धीराच्या माणसांस रडवते. फ्रान्समधील अलेक्सिस ब्वाये या शल्यवैद्याने १८१८ च्या सुमारास हे दाखवून दिले की या दुःखाचे मर्म केवळ भेगेत नसून, गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूच्या पेटक्यात आहे. भेग दुखते म्हणून स्नायू आवळतो. स्नायू आवळतो म्हणून शौचास कठीण होते आणि रक्तपुरवठा घटून भेग भरत नाही. असे हे दुष्टचक्र आहे. नेमका कोणता स्नायू, हे कळण्यास आणखी सव्वाशे वर्षे लागली. १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील आयझेनहॅमर यांनी आतील स्नायूकडे बोट दाखविले, आणि त्याचा थोडासा भाग सैल केला की वर्षानुवर्षांची चीर भरून येते, हे सिद्ध झाले. आज तर कित्येक रोग्यांस कोठा मऊ ठेवणे, कोमट पाण्यात बसणे आणि स्नायू सैल करणारे मलम एवढ्यावरच आराम पडतो.

१८३५ मध्ये लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावर फ्रेडरिक सामन या शल्यवैद्याने केवळ सात खाटांचे एक रुग्णालय उघडले. भगंदर व गुदाचे इतर रोग जडलेल्या गरिबांसाठी ते होते. या रोग्यांस इतर ठिकाणी कोणी मनापासून पाहत नसे. १८५४ मध्ये ते नव्या जागी गेले आणि सेंट मार्क या नावाने जगप्रसिद्ध झाले. विख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हाही सामनचा रोगी होता. ऑक्टोबर १८४१ मध्ये, म्हणजे ईथरची भूल अवतरण्याच्या पाच वर्षे आधी, त्याने भगंदराची शस्त्रक्रिया शुद्धीवर असताना करून घेतली. याच संस्थेत पुढे पाऊण-एक शतक या रोगांतील भेद एकेक करून उलगडत गेले. डेव्हिड गुडसॉल यांनी १९०० च्या सुमारास भगंदराचा एक नियम सांगितला. गुदाच्या मधोमध आडवी रेषा कल्पावी. बाहेरचे छिद्र रेषेच्या पुढे असेल तर मार्ग बहुधा सरळ आत जातो, मागे असेल तर वळण घेऊन मागच्या मध्यावर उघडतो. शंबूकावर्ताची आठवण व्हावी असेच हे आहे. १९३२ मध्ये कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाच्या कर्करोगाच्या, तो कितपत खोल व दूर पसरला आहे यावरून, पायऱ्या ठरविल्या. १९३७ मध्ये मिलिगन आणि मॉर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळव्याध काढण्याची जी पद्धती वर्णिली, ती आजही अनेक ठिकाणी वापरात आहे.

या संशोधनातून दोन जुने समज कोलमडले. भगंदर का होतो, याचे उत्तर पूर्वी खोगीर, वल्ही किंवा गिळलेले हाड यांत शोधले जाई. १८७८ मध्ये हान्स कियारी आणि १८८० मध्ये हेर्मान व देफॉस यांनी गुदाच्या भिंतीतील सूक्ष्म ग्रंथी दाखविल्या. आणि १९६१ मध्ये अॅलन पार्क्स यांनी, या ग्रंथींत जंतू शिरून गळू होते व तेच पुढे भगंदर बनते, हे साधार मांडले. पिडका आणि भगंदर एकच, या सुश्रुताच्या सूत्राला जणू सूक्ष्मदर्शकाची साक्ष मिळाली. पुढे १९७६ मध्ये पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मार्ग स्नायूंच्या मधून जातो की त्यांना भेदून, की त्यांच्या वरून, यावरून भगंदराचे चार वर्ग केले. हे वर्गीकरण केवळ पंडिती हौस नव्हे. स्नायू नको तितका कापला गेला तर रोगी भगंदरातून सुटतो, पण शौचावरील ताबा जन्माचा गमावतो.

दुसरा समज मूळव्याधीसंबंधी होता. त्या फुगलेल्या शिरा होत, असे शेकडो वर्षे शिकविले गेले. १९७५ मध्ये टॉमसन या ब्रिटिश शल्यवैद्याने दाखविले की रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी मनुष्याच्या गुदात जन्मतःच असतात. दार नीट बंद राहावे यासाठी त्यांची योजना आहे. वर्षानुवर्षे कुंथण्याने त्यांचे आधार सैल होतात, त्या खाली सरकतात आणि त्यातून रक्त येते. तेव्हा मूळव्याध म्हणजे बाहेरून आलेला शत्रू नव्हे, जागा सोडलेला आपलाच पहारेकरी होय.

आता, एवढ्या इतिहासाचे सार रोजच्या व्यवहारात कसे उतरवावयाचे? गुदमार्गात एक दंतुर रेषा आहे. तिच्या वरच्या भागास कापल्याची वेदना कळत नाही; खालच्या भागास टाचणीचे टोकही सहन होत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानी घेतली तर बरेचसे कोडे उलगडते. आतील मूळव्याध रेषेच्या वर असते. म्हणून तिच्यात लाल भडक रक्त थेंब थेंब किंवा चिळकांडीने येते, पण ते बहुधा दुखल्यावाचून. मोड पुढे बाहेर येतात. प्रथम आपोआप आत जातात, मग बोटाने सारावे लागतात, आणि अखेर बाहेरच राहतात. चीर रेषेच्या खाली असते. म्हणून तिच्यात शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखी कळ येते, ती नंतर तास दोन तास टिकते, आणि रक्ताची एखादी रेघ दिसते. एका रात्रीत निळसर, टणक, दुखरी गाठ उठली तर ती बहुधा कातडीखाली साकळलेल्या रक्ताची असते व काही दिवसांत ओसरते. ठणका, ताप आणि बसता न येणे ही गळवाची खूण. ते पिकण्याची वाट न पाहता उघडावे, विशेषतः मधुमेह्याने तर एक दिवसही दवडू नये. गळू फुटून गेल्यावर त्याच जागी पुन्हा पुन्हा पाझर होऊ लागला तर तो भगंदर. आपल्या देशात त्याच्यामागे क्षयरोग नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. माकडहाडापाशी केस आत रुतून होणारे नाडीव्रण भगंदरासारखेच दिसतात. दुसऱ्या महायुद्धात मोटारगाड्यांतून आदळत जाणाऱ्या अमेरिकन सैनिकांत ते इतके वाढले की त्यास ‘जीपचा रोग’ असे नाव पडले. लहान मुलाच्या शौचातून न दुखता रक्त आले तर मूळव्याधीपेक्षा आतड्यातील कोंबाची शंका आधी घ्यावी.

आणि अखेरची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गुदाचा कर्करोगही प्रारंभी दुखत नाही आणि त्यातूनही रक्तच येते. शौचाची सवय अकस्मात बदलणे, पोट साफ न झाल्याची सतत भावना, रक्ताबरोबर शेंब पडणे, वजन घटणे ही त्याची लक्षणे. परंतु प्रारंभी यातील एकही नसू शकते. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही, हे खरे. पण मूळव्याध असलेल्या मनुष्यास कर्करोगही असू शकतो, हेही तितकेच खरे.

माझ्या व्यवसायाच्या आरंभीच्या काळातील एक गोष्ट सांगतो. माळव्यातील एका गावचे एक वृद्ध शिक्षक माझ्याकडे आले. दोन वर्षे रक्त जात होते. ‘मूळव्याध आहे, वडिलांनाही होती,’ असे ते म्हणाले. सुरण झाले, ताक झाले, निरनिराळी चूर्णे झाली. आणि त्यांना तपासणारांत आम्हा शल्यवैद्यांच्या पंथाचेही लोक होते. प्रत्येकाने त्यांची हकीकत ऐकली, प्रत्येकाने ‘मूळव्याध’ हे नाव मान्य केले, आणि एकानेही हातमोजा चढविला नाही. मी बोटाने तपासले तेव्हा जे हाताला लागले ते आर्डर्नने वर्णिले होते तसेच होते, दगडासारखे. ते बोटाच्या टप्प्यात होते, दोन वर्षे होते. आर्डर्नला त्यावर उपाय ठाऊक नव्हता. आम्हांस ठाऊक होता. १९०८ मध्ये अर्नेस्ट माइल्स यांनी मोठी शस्त्रक्रिया वर्णिली, तेव्हापासून हा रोग वेळेवर सापडल्यास बरा होतो. परंतु ती वेळ निघून गेली होती. मास्तरांनी मला एवढेच विचारले, ‘डॉक्टर, हे आधी कोणी का पाहिले नाही?’ या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

याचा अर्थ जुने सारे टाकून द्यावे असा मात्र कोणी घेऊ नये. भगंदरावरील क्षारसूत्राचा उल्लेख चरक-सुश्रुतांत आहे. अकराव्या शतकातील चक्रदत्ताने हळद आणि निवडुंगाचा चीक यांनी ते सूत्र सिद्ध करण्याची कृती दिली. मध्यंतरी मागे पडलेली ही पद्धती १९६० नंतरच्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयातील वैद्यांनी पुन्हा उजेडात आणली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिची रीतसर तुलनात्मक परीक्षा घेतली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारसूत्राने बरे होण्यास सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात शेकडा ४, तर शस्त्रक्रियेत शेकडा ११ आढळले. जुने असो वा नवे, त्याची परीक्षा व्हावी आणि परीक्षेत उतरेल ते स्वीकारावे, एवढाच न्याय येथे लागू आहे. पण हे सूत्र भगंदराचे आहे. ते भगंदरालाच गुणकारी ठरणार. आणि म्हणून सूत्र बांधण्यापूर्वी तो भगंदरच आहे, हे ठरले पाहिजे.

श्रोतेहो, ज्या जागेकडे पाहण्यासाठी आपल्या पूर्वजांनी मोजून मापून यंत्र घडविले, तिच्याविषयी बोलण्यास आपण का लाजावे? रक्त दिसले तर स्वतःच त्याचे नाव ठेवून मोकळे होऊ नका. वैद्याकडे जा, स्पष्ट शब्दांत सांगा, आणि तपासल्यावाचून त्याने औषध लिहून दिले तर नम्रपणे, पण निश्चयाने, ‘एकदा पाहून घ्या’ असे म्हणा. बहुतेक वेळा निघेल ती मूळव्याधच, आणि आपण निश्चिंत मनाने घरी याल. परंतु ते नाव तपासणीनंतर मिळालेले असेल. जावई वैद्य असेल तर दुसऱ्या वैद्याकडे जावे. पण जावे मात्र अवश्य.